रंग न आलेल्या नळ्या

प्रयोगशाळेत तिला सगळे चाळणी म्हणायचे. जंगलातून आलेली माती वाळवून चाळायचं काम तिच्याकडे होतं, म्हणून. शिवाय तिच्या पोटात काही राहायचं नाही. सकाळी घरात कुणाचं काय बिनसलं, ते दुपारचे डबे उघडेपर्यंत अख्ख्या मजल्याला ठाऊक झालेलं असायचं. ती सांगायची आणि सांगता सांगता स्वतःच इतकी हसायची की ऐकणाऱ्याला गोष्ट अर्धीच कळायची. माणसांना ती आवडायची. आणि हेच तिच्या नणंदेला खुपायचं.

नोकरी नणंदेनंच लावली होती. नणंद त्या प्रयोगशाळेत फार जुनी. रसायनांच्या कपाटाची किल्ली तिच्या कमरेला, काचसामान तिच्या ताब्यात. तिथे तिला मोठ्या बाई म्हणत. घरीही राज्य तिचंच होतं. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ शाळेत होता. त्याला तिनं वाढवलं, पंप दुरुस्तीच्या कारखान्यात चिकटवून दिलं, स्वतःच्या लग्नाचा विषय काढू दिला नाही. मग भावानं आपली आपण मुलगी पसंत केली आणि एका संध्याकाळी थेट घरी घेऊन आला. नणंद त्या दिवशी एवढंच म्हणाली, "चपला बाहेर काढ म्हणावं." हे तिनं भावाकडे बघून म्हटलं. मुलगी समोर उभी होती.

लग्न झालं तरी बोलण्याची ही तऱ्हा फारशी बदलली नाही. चाळणीनं घासलेली भांडी नणंद पुन्हा विसळायची, तिनं घातलेली चादर ओढून सरळ करायची. चाळणीनं ते हसण्यावारी नेलं. "वन्सं, एक काम करा, मलाच एकदा विसळून काढा," असं एकदा म्हणालीही. नवरा हसला. नणंद हसली नाही.

प्रयोगशाळेतल्या मुख्य बाई डॉक्टर होत्या, पण माणसांच्या नव्हेत, मातीच्या. जंगलात गळलेल्या पानांमधला नत्र मातीत कसा उतरतो आणि तिथून झाडाला परत कसा मिळतो, हा त्यांचा विषय. त्यासाठी त्यांनी एक डोंगर धरला होता. पायथ्याला रुंद पानांची झाडी. वर, माथ्याकडे, सुयांसारख्या पानांची, खोडातून राळ गाळणारी उंच झाडं. दोन्हीकडची माती दर महिन्याला यायची. ती चाळायची, मिठाच्या द्रावणात हलवायची, गाळायची, आणि काचेच्या नळीत औषधाचे थेंब टाकायचे. मातीत नायट्रेट, म्हणजे नत्राचं पाण्यात विरघळणारं रूप, असलं की नळीत गुलाबी रंग चढतो. जितकं जास्त, तितका गडद.

सात-आठ वर्षं ही माती नणंद आणत होती. मग तिचे गुडघे इतके दुखायला लागले की जिना चढताना ती कठडा सोडेना. डॉक्टरबाईंनी ते पाहिलं आणि माती आणायचं काम चाळणीला दिलं.

"मी जाते की अजून," नणंद म्हणाली. "इतकं काही झालेलं नाही मला."

"हट्ट करू नका मोठ्या बाई. तरुण माणूस आहे घरात, जाऊ दे तिला."

त्या संध्याकाळी नणंद स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. आपणहून बोलायला ती तिथे कधी यायची नाही. "डोंगरावर उगाच मरमर करत हिंडू नकोस," ती म्हणाली. "जिथं सोयीचं पडेल तिथं खण. माती ती माती."

चाळणीला वाटलं, वन्संना आपली काळजी वाटली. ती इतकी खूश झाली की दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत चौघांना सांगून आली.

ती वर गेली. जीप पायथ्याशीच थांबायची. ड्रायव्हर सीट मागे पाडून तोंडावर टोपी घ्यायचा. पुढे पायवाट होती आणि ती चांगली छातीवर येणारी होती. माथ्यावर पाऊल ठेवलं तर जमीन गादीसारखी खाली गेली. वर्षानुवर्षं पडलेल्या सुयांचा थर होता तो. तिनं खुरपं घातलं. सुयांखाली दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखं तपकिरी काहीतरी, त्यात बुरशीचे पांढरे धागे, आणि त्याखाली कुठे काळी माती. सगळ्याला नव्या लाकडी कपाटाला पॉलिश केल्यावर येतो तसला वास. तिनं ठरलेल्या खुणांपाशी खणलं, पिशव्या भरल्या, चिठ्ठ्या लावल्या आणि घसरत, हसत खाली आली.

पायथ्याच्या मातीच्या नळ्या गुलाबी झाल्या. माथ्याच्या झाल्याच नाहीत. ती वाट पाहत बसली. स्टँडवर एका ओळीत गुलाबी नळ्या आणि दुसऱ्या ओळीत निव्वळ पाण्यासारख्या. तिनं पुन्हा केलं. तसंच. पुढच्या महिन्यात तसंच, त्याच्या पुढच्याही.

तिसऱ्या खेपेला नणंद तिच्या मागे येऊन उभी राहिली. खोलीत सहा-सात माणसं होती.

"हे काय आहे?"

"वन्सं, बघा ना. माथ्याच्या मातीला रंगच येत नाहीये. औषध जुनं झालं म्हणावं, तर ह्यांना कसा आला?"

"सात वर्षं मी ही माती तपासली. रंग येतो. दर वेळेला येतो." नणंदेनं एक नळी उचलून उजेडात धरली. "माती घातलीस का यात? की नुसतंच पाणी भरलंस?"

चाळणी हसली. तिला वाटलं, थट्टा चाललीय.

"दात काढू नकोस. वर गेली होतीस का तू?"

"म्हणजे?"

"म्हणजे डोंगर चढली होतीस का, असं विचारतेय. की ड्रायव्हरबरोबर पाय पसरून बसलीस आणि नळ्यांत पाणी भरून आलीस?"

खोलीतल्या माणसांनी आपापल्या कामात माना घातल्या. ड्रायव्हरला बोलावणं गेलं. तो दारातूनच म्हणाला, "मला काय माहीत? मी झोपलो होतो." आणि तो परत गेला.

डॉक्टरबाईंनी दोघींना समोर उभं केलं. एकीकडे सात वर्षांचे आकडे, एकाला एक धरून असलेले. दुसरीकडे ही बडबडी बाई आणि तिचे तीन महिने. त्यांनी फार वेळ घेतला नाही. "चूक झाली असती तर मी शिकवलं असतं," त्या म्हणाल्या. "पण न केलेलं काम केलं म्हणून दाखवणं मला चालत नाही. उद्यापासून येऊ नकोस."

"मॅडम, मी गेले होते वर."

"सगळे असंच म्हणतात."

त्या दिवशी बसमध्ये ती कुणाशी बोलली नाही. घरी आली, नवऱ्याची वाट पाहिली, आणि तो हात धुऊन बसल्यावर सगळं सांगितलं. नणंद शेजारच्या खोलीत होती. दार उघडं होतं. नवऱ्यानं ऐकून घेतलं. मग टॉवेलानं बोटं एकेक करून पुसत म्हणाला, "काहीतरी घोटाळा झाला असेल तुझ्याकडून. ताई खोटं कशाला बोलेल?"

"म्हणजे मी बोलते."

"असं कुठं म्हटलं मी?"

"दोघींत एकच खरी असू शकते. तू म्हण कोण ते."

तो आपल्या ताटात काय आहे ते फार लक्षपूर्वक बघायला लागला.

चाळणीचं बोलणं त्यानंतर बंद झालं. रुसणं नव्हतं ते. रुसलेलं माणूस कुणी समजूत काढेल म्हणून कान देऊन असतं. ही कान देत नव्हती. तिघांचा स्वयंपाक करायची, स्वतःचं ताट घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसायची. नणंदेनं विसळलेलं भांडं ती उचलून पुन्हा घासायला लागली, नणंदेसमोर, रगडून. एकदा दोघींनी एकच पातेलं आळीपाळीनं तीनदा घासलं आणि एक अक्षर उच्चारलं नाही. नवरा बाहेरच्या खोलीत रेडिओ मोठा करून बसला होता.

आणि मग माथ्याची माती आणायचं काम पुन्हा नणंदेकडे आलं. लंगडत ती जीपमध्ये बसून गेली, लंगडत आली, आणि नळ्या गुलाबी झाल्या. डॉक्टरबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. ही बातमी प्रयोगशाळेतल्या जुन्या मैत्रिणीनं बाजारात चाळणीला सांगितली. बिचारीला वाटलं, आता नणंदेलाच लंगडत जावं लागतंय हे ऐकून हिचं मन हलकं होईल.

चाळणीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. गुडघे धरून जिना चढणारी बाई तो डोंगर कसा चढली? तिनं बाजारातली पिशवी तिथेच मैत्रिणीच्या हातात दिली, घरी येऊन खुरपं आणि एक रिकामं पोतं घेतलं, बस पकडली आणि पायथ्याला उतरली. रागाच्या भरात ती इतकी झपाट्यानं चढली की माथ्यावर पोचल्यावर तिला ओकारी आली. थोडं बसली. मग सुयांसकट, नमद्यासकट, पांढऱ्या धाग्यांसकट खणून अर्धं पोतं भरलं आणि पाठीवर टाकून उतरली. बसच्या कंडक्टरनं विचारलं, "काय नेताय?" ती म्हणाली, "माझी अब्रू." त्याला काही कळलं नाही, पण त्यानं पोतं चढवायला हात दिला.

डॉक्टरबाईंच्या खोलीत तेव्हा नणंद होती, काही सह्या घ्यायला आलेली. चाळणीनं दार ढकललं आणि पोतं टेबलावर उलटं केलं. कागद, चष्मा, चहाचा कप, सगळ्यावर माती.

"डोकं फिरलंय का तुझं?" डॉक्टरबाई उभ्याच राहिल्या.

"ही घ्या वरची माती. मी काही चाळलेली नाही, मी काही भरलेलं नाही. तुमच्या हातानं करा."

"बाहेर काढा हिला," नणंद म्हणाली. "कुठली घाण उचलून आणलीय कुणास ठाऊक. मॅडम, मी शिपायाला बोलावते."

"बोलवा ना. आणि वन्सं, त्यालाही सांगा, तुम्ही कुठल्या वाटेनं वर जाता ते. मला तर पायवाट एकच दिसली. माथ्यावर पोचायच्या आधी एक खडक लागतो, हातांनी धरून चढावं लागतं. तुम्ही तो कसा चढता? सांगा की. मी शिकेन."

नणंदेनं सह्यांचे कागद झटकायला घेतले. डॉक्टरबाईंनी मात्र तेवढ्यात मातीत हात घातला होता. सुयांचा एक लगदा त्यांनी उचलला, मोडून पाहिला, नाकाशी नेला. बोटांना पांढरे धागे चिकटले. त्यांचा राग गेला नव्हता, पण चेहरा बदलला. "मोठ्या बाई," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही आणता त्या मातीत मी हे धागे कधी पाहिले नाहीत."

"मी चाळून देते मॅडम. चाळल्यावर कुठं राहतात?"

"चाळायच्या आधीही नाही पाहिले."

डॉक्टरबाईंनी दोघींनाही बाहेर बसवलं, शेजारी शेजारी, भिंतीला लागून असलेल्या एकाच बाकावर, आणि स्वतः आत प्रयोग केला. वेळ लागणारच होता. दोघी समोरच्या भिंतीकडे बघत बसल्या. दार उघडलं तेव्हा डॉक्टरबाईंच्या हातात नळी होती आणि तिला रंग नव्हता.

त्या अजून मान्य करायला तयार नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः वर गेल्या, चार ठिकाणी खणलं, आणि चारही नळ्या कोऱ्या निघाल्या. मग त्यांनी ड्रायव्हरला खोलीत घेतलं आणि दार लावलं. बाहेर आला तेव्हा तो सगळं सांगून मोकळा झाला होता. मोठ्या बाई वर कधी गेल्याच नव्हत्या. गुडघे पहिल्यापासूनच धरलेले. जीपपासून थोडं पुढे, सावलीत, रुंद पानांच्या झाडांखाली दोन्ही पिशव्या भरायच्या. तोही लवकर घरी पोचायचा, म्हणून बोलला नाही.

नणंदेला वाटलं होतं, जंगल एकच, डोंगर एकच, थोडं इकडचं काय अन् तिकडचं काय. आणि कुणीच दुसरं वर जात नव्हतं, तोवर ते खपूनही गेलं.

चाळणीला परत बोलावलं. डॉक्टरबाईंनी माफी मागितली नाही. उलट पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "या आकड्यांवर माझा लेख छापून आलाय. आता तो मागे घ्यावा लागेल," आणि हे अशा आवाजात म्हणाल्या की जणू ते चाळणीनंच केलं होतं. चाळणीही ऐकून घेणारी राहिली नव्हती. "मागे घ्या मग," ती म्हणाली. "मलाही लोकांच्या नजरा मागे घेता येत नाहीयेत."

दोघी एकत्र वर जायला लागल्या, एकमेकींवर चिडलेल्याच. एकदा माथ्यावर डॉक्टरबाईंनी झाडाची एक हिरवी सुई तोडली आणि म्हणाल्या, "चाव."

चाळणीनं चावली आणि थुंकली. तोंड आखडून गेलं.

"तुरट लागलं ना? ते टॅनिन. चहा जास्त उकळला की त्यातही लागतं. तुझी जीभ आखडली तसंच ते मातीतल्या प्रथिनांना पकडून ठेवतं. प्रथिनांत नत्र असतो, तो मग सहजासहजी सुटत नाही. आणि हा जो पॉलिशसारखा वास आहे ना, ती राळेतली उडणारी द्रव्यं. मातीत काही जंतू असतात, अमोनियाचं नायट्रेट करणारे. त्यांना हा वास सोसत नाही, त्यांचं काम थंडावतं. निदान मी तसं वाचलंय. सगळ्यांना पटलेलं नाही अजून."

"म्हणजे झाड आपल्याच मातीला उपाशी ठेवतं?"

"उपाशी नाही. नायट्रेट पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातं. अमोनिया मातीला धरून राहतो, आणि हे पांढरे धागे बघतेस ना, ते झाडाच्या मुळांना जोडलेले असतात. ते त्या घट्ट गोळ्यातूनही थोडं थोडं काढून झाडाला देतात. झाडाचं भागतं. बाकी कुणाला मिळत नाही."

मग बरण्या लावल्या. काही बरण्यांत पायथ्याची माती नुसती. काहींत तीच माती, पण आत ठेचलेल्या सुयांची वाटी टांगून झाकण घट्ट. काहींत माथ्याची माती, कोळशाची पूड मिसळून, म्हणजे राळेची द्रव्यं कोळशानं शोषून घ्यावीत. काही आठवड्यांनी नळ्या लावल्या. सुयांच्या वासात ठेवलेल्या मातीचा गुलाबी रंग पार फिका पडला होता. आणि माथ्याच्या ज्या मातीनं कधी रंग दिला नव्हता, तिनं कोळशाबरोबर दिला. अगदी गडद नाही, पण दिला.

डॉक्टरबाई खुर्चीवरून उठून आल्या, नळी हातात घेऊन खिडकीपाशी गेल्या, आनंदानं काहीतरी बोलत राहिल्या. चाळणी त्या गुलाबी रंगाकडे बघत होती. तिला आनंद झाला नाही. हाच रंग आणून दाखव म्हणून तिला सगळ्यांसमोर चोर ठरवलं होतं. तिनं स्टँड उचलला आणि नळ्या मोरीत ओतून दिल्या. नोंद झाली होती. ठेवायची गरज नव्हती.

नणंदेला काढलं नाही. जुनी बाई, थोडी वर्षं उरलेली, म्हणून काचसामान धुवायला बसवलं, बसून करायचं काम. किल्ली गेली. चाळणीनं वापरलेल्या नळ्या आता तिच्यापुढे यायच्या. चाळणी त्या नेऊन ठेवायची आणि एकही शब्द न बोलता परत यायची. डाग राहिलेली नळी आली की उलट पाठवायची. पुष्कळदा पाठवायची.

घरात एकदाच तोंड फुटलं. नणंद पाणी प्यायला आली होती. ग्लास भरता भरता म्हणाली, "गुडघे मोडून पडले होते माझे. सांगितलं असतं तर काढून टाकलं असतं मला."

"मग मला का काढायला लावलंत?"

"मी तुला सांगितलं होतं, सोयीचं पडेल तिथं खण." नणंदेचा आवाज चढला. "स्पष्ट सांगितलं होतं. कुणी सांगितलं होतं तुला वर जायला?"

चाळणी तिच्याकडे बघतच राहिली. समोरच्या बाईला खरोखर तसं वाटत होतं. तिच्या मते गुन्हा चाळणीचा होता. ती वर गेली, हा.

नवरा म्हणाला, "झालं गेलं. सोडून द्या दोघी." चाळणी म्हणाली, "सोडते. तू फक्त एकदा म्हण, तुझी ताई खोटं बोलली." त्याचे ओठ हलले. बहिणीनं शाळेच्या फाटकापर्यंत बोट धरून नेलेला तो मुलगा होता. त्याच्या तोंडून ते निघालं नाही. त्याच महिन्यात चाळणीनं दोन गल्ल्या पलीकडे एक खोली भाड्यानं घेतली. तो पाठोपाठ आला, कपड्यांची पेटी घेऊन. तिनं दार उघडलं, पण पेटी आत घ्यायला हात लावला नाही.

वर्षं गेली. चाळणी महिन्याच्या महिन्याला डोंगर चढत राहिली. प्रयोगशाळेत पुन्हा बोलायला लागली, पण निवडक माणसांशी, आणि घरचं काही नाही. नव्या लोकांना तिचं नाव चाळणी का, हे कळायचं नाही. नणंद निवृत्त झाली तेव्हा निरोपाचा चहा होता. चाळणीला डोंगरावर जायची तारीख बदलून घेता आली असती. ती माती आणायला गेली.

पुढे नणंदेचे गुडघे पार गेले. ती घरातल्या घरात काठीवर, मग पलंगावरच. भाऊ रोज कामावरून सुटल्यावर तिच्याकडे जायचा. "तू जा," चाळणी म्हणायची. "मी तुला अडवत नाही. मला बोलावू नकोस." डबा ती भरून द्यायची. डब्यात कमी काही नसायचं, आणि निरोप काही नसायचा.

एके दिवशी तो परत आला तो जरा अवघडलेला. "ताई विचारत होती," तो म्हणाला.

"काय?"

"वर कसं आहे म्हणून. माथ्यावर. म्हणाली, इतकी वर्षं त्याचे आकडे लिहिले, बघितलं कधीच नाही. तिला विचार म्हणाली, कसं दिसतं."

चाळणी कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली घडी पुरी करून तिनं ती ठेवली. "म्हणावं, चढून बघा."

दुसऱ्या दिवशी त्यानं बहिणीला सांगितलं, छान आहे म्हणाली, दाट झाडी आहे, गार वाटतं.

नणंद उशीवर मान वळवून त्याच्याकडे बघत राहिली. "ती असं म्हणाली? छान आहे?"

"हो."

"शक्य नाही. खरं सांग, काय म्हणाली."

त्यानं थोडी टाळाटाळ केली आणि मग सांगितलं.

"हां," नणंद म्हणाली. "हे तिचं." मग तिनं डबा उघडायला सांगितला.